तोही हात आपलाच!

बालमित्रांनो, हा लेख वाचण्याआधी एक गंमत करून पाहा. वही आणि पेन्सिल घ्या आणि आपलं पूर्ण नाव लिहा. लिहिलंत? आता पेन्सिल दुसऱ्या हातात धरा आणि तेच नाव खालच्या ओळीत पुन्हा लिहा. घाई करू नका.

काय झालं? काना कलला, वेलांटी भलतीकडेच गेली, बोटं दुखायला लागली आणि लिहिता लिहिता जीभही जरा बाहेर आली असेल! हसायला आलं ना? आता असा विचार करा, की उद्यापासून शाळेत तुम्हाला याच हाताने लिहायला लावलं आणि वर "शी, काय हे अक्षर!" म्हणून रागावलं, तर?

मी पहिलीत होतो तेव्हा माझं अगदी असंच झालं होतं. आणि पुढे मी स्वतः शिक्षक झालो तेव्हा, सांगायला लाज वाटते, पण मीही एका मुलाच्या बाबतीत तेच केलं. ती गोष्ट आज तुम्हाला सांगायची आहे. आईबाबा जवळपास असतील तर त्यांनाही बोलवा. त्यांच्यासाठीही यात काही आहे.

लेखाचं निमित्त मात्र आमची नात. साडेचार वर्षांची आहे. दसऱ्याला आमच्या घरी पाटीपूजन असतं. एक-एकचे आकडे जोडून पाटीवर सरस्वती काढायची, हळदकुंकू वाहायचं, सोनं ठेवायचं. यंदा पहिल्यांदाच नातीच्या हाती पाटी दिली. तिने पेन्सिल उचलली ती डाव्या हाताने, आणि मन लावून एक काढला. शेजारच्या काकू पटकन म्हणाल्या, "अगं बाई, त्या हाताने नाही, देवाचं आहे ना!" माझा मुलगाही म्हणाला, "आबा, शाळेत जायच्या आत हिचा हात बदलायला हवा. तुम्हीच बदला. तुम्ही शिक्षक आहात." सगळे माझ्याकडे बघायला लागले. नातही बघत होती. तिची पेन्सिल हवेतच थांबली होती.

मी काय म्हणालो ते शेवटी सांगतो. आधी तुम्हाला साठएक वर्षं मागे नेतो.

आमचं गाव नंदुरबारजवळचं एक लहानसं खेडं. आज आपला नंदुरबार जिल्हा आहे, पण तो झाला १ जुलै १९९८ ला. त्याआधी आम्ही सगळे धुळे जिल्ह्यात. आमच्या भागात मिरची भरपूर. हंगामात मैदानांवर लाल मिरच्या वाळत घालतात. त्याला पथारी म्हणतात. लांबून बघितलं तर जमिनीवर लाल सतरंज्या अंथरल्यात असं वाटावं. माझी आई पथारीवर मिरच्यांचे देठ खुडायला जायची. दिवसभर ते काम केलं की बोटांची आग आग व्हायची. कितीही धुतली तरी उजव्या हाताची आग जायची नाही. मग ती डाव्या हाताने भाकरी कुस्करायची आणि त्याच हाताने मला घास भरवायची. त्या घासाला कधी कुणी डावा म्हटलं नाही.

पण मी स्वतःच्या हाताने जेवायला लागलो आणि घरात चर्चा सुरू झाली. मी डावा हात पुढे करायचो. वडील माझा हात धरून मागे घ्यायचे. एकदा तर त्यांनी जेवणाआधी माझा डावा हात डोक्याच्या रुमालाने मांडीशी बांधून ठेवला. ते दुष्ट नव्हते हो! त्यांना भीती वाटायची. पंगतीत लोक हसतील, शाळेत मार बसेल, ही भीती. एकटे आजोबा माझ्या बाजूचे. ते अहिराणीत म्हणायचे, "आरे, तो बी हात देवनाच शे!" म्हणजे, अरे, तोही हात देवाचाच आहे. पण म्हाताऱ्या माणसाचं कोण ऐकतो?

शाळेत वडिलांची भीती खरी ठरली. डाव्या हातात पेन्सिल दिसली की बोटांवर पट्टी बसायची. शिवाय आणखी एक पंचाईत होती. आपण मराठी डावीकडून उजवीकडे लिहितो. त्यामुळे डाव्या हाताने लिहिलं की तळवा लिहिलेल्या अक्षरांवरूनच पुढे सरकतो. पाटीवरची अक्षरं पुसली जायची आणि करंगळीखालचा हात पांढरा व्हायचा. गुरुजी विचारायचे, "अभ्यास कुठे आहे?" अभ्यास माझ्या हाताला लागलेला असायचा!

वर्षभरात माझा हात बदलला. निदान सगळ्यांना तसं वाटलं. लिहिणं आणि जेवणं उजव्या हाताने, पण खिळा ठोकणं, भोवरा फिरवणं, दगड भिरकावणं, दात घासणं हे सगळं आजतागायत डाव्यानेच. पुढे शिक्षक झालो तेव्हा उजव्या हाताने फळ्यावर लिहायचो आणि डाव्याने पुसायचो. मुलांना त्याची फार मजा वाटायची.

आता जी गोष्ट सांगायला जड जाते ती ऐका.

१९८१ साली मी धडगावच्या बाजूला सातपुड्यातल्या एका शाळेवर होतो. पहिलीत एक मुलगा आला. घरात पावरी बोलायचा, मराठी जेमतेम कळायची. पण चित्रं काय काढायचा! मधल्या सुट्टीत काडी घेऊन अंगणातल्या मातीत बैल, मोर, घोडा झरझर काढायचा, आणि सगळं डाव्या हाताने. मी काय केलं? मी त्याच्या हातातली पेन्सिल काढली आणि उजव्या हातात दिली. त्याने पुन्हा डाव्या हातात घेतली. मी पुन्हा काढली. मी पट्टी मारली नाही, कारण पट्टी कशी लागते ते मला माहीत होतं. पण रोज, न चुकता, हसत हसत, "तुझ्या भल्यासाठी सांगतो रे" असं म्हणत त्याची पेन्सिल बदलत राहिलो.

त्याने हात बदलला. पण पाटी दाखवा म्हटलं की तो पाटी मांडीखाली लपवायला लागला. फळ्याकडे बोलावलं की खाली बघायचा. मातीतले मोरसुद्धा बंद झाले. चौथीनंतर त्याची शाळा सुटली. आता शाळा सुटायला कारणं पुष्कळ होती. घरची ओढगस्त होती, पुढची शाळा लांब होती. सगळा दोष माझाच असं मी म्हणत नाही. पण त्या कारणांत एक माझंही होतं, एवढं मला नंतर कळलं.

कधी कळलं? त्याचीही गंमत आहे. बऱ्याच वर्षांनी मी दुसऱ्या एका शाळेत सातवीच्या वर्गाला एकलव्याची गोष्ट सांगत होतो. आमच्या भागात एकलव्य म्हणजे पुस्तकातला नव्हे, घरचाच माणूस. भिल्ल तीरंदाज बाण ओढताना अंगठा वापरत नाहीत, दोन बोटांच्या बेचक्यात बाण धरतात. एकलव्याची आठवण म्हणून, असं ते सांगतात. द्रोणाचार्यांनी उजव्या हाताचा अंगठा मागितला, इथपर्यंत मी आलो, तोच एका मुलीने हात वर केला. डावा हात.

"गुरुजी, एकलव्य माझ्यासारखा डावखुरा असता, तर त्याचा अंगठा वाचला असता ना?"

मी काही बोलायच्या आतच मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "कसा वाचेल? मग गुरूने डावाच मागितला असता!"

वर्ग हसला. मीही हसलो. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. मातीत मोर काढणारा तो मुलगा डोळ्यांसमोर उभा राहिला. मी त्याच्याकडे अंगठा मागितला नव्हता, अख्खा हात मागितला होता. आणि त्याने तो निमूट दिला होता.

तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचायला लागलो. त्यातलं नक्की काय कळलं आहे, ते तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट, डावखुरे असतात किती? २०२० साली शास्त्रज्ञांनी जगभरातले जुने अभ्यास एकत्र केले. त्यांत मिळून २० लाखांहून जास्त माणसांची नोंद होती. त्यावरून दहा माणसांत साधारण एक डावखुरा असतो असं दिसलं. मुलींपेक्षा मुलांत हे प्रमाण थोडं जास्त. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात चार तरी असायला हवेत. तुमच्या वर्गात मोजून बघा.

दुसरी गोष्ट, हात ठरतो कुठे? खांद्यात नाही, बोटांत नाही. आपल्या मेंदूचे दोन अर्धगोल असतात. डावा अर्धगोल शरीराची उजवी बाजू चालवतो आणि उजवा अर्धगोल डावी. मज्जातंतूंच्या वाटाच तशा एकमेकींना ओलांडून जातात. पण म्हणून डावखुऱ्याचा मेंदू आरशात बघितल्यासारखा उलटा असतो असं समजू नका. बोलण्याचं केंद्र बहुतेक सगळ्या उजव्या माणसांत डाव्या अर्धगोलात असतं, आणि डावखुऱ्यांतही शंभरातल्या सुमारे सत्तर जणांत ते तिथेच असतं.

तिसरी गोष्ट तर फारच नवलाची. हाताची आवड जन्माआधीच दिसायला लागते! उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्ट शहरात शास्त्रज्ञांनी सोनोग्राफीच्या पडद्यावर पोटातली बाळं पाहिली. काही बाळं उजवा अंगठा चोखत होती, काही डावा. त्यातली ७५ बाळं मोठी होऊन दहा-बारा वर्षांची झाल्यावर त्यांना पुन्हा गाठलं. त्याचा निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाला. पोटात उजवा अंगठा चोखणारी ६० बाळं होती. ती सगळीच्या सगळी उजवी निघाली. डावा अंगठा चोखणारी १५ होती. त्यातली १० डावखुरी झाली, ५ उजवी. म्हणजे बघा, ज्या मुलाला आपण "हट्टी" म्हणून पट्टी मारतो, त्याची आवड बहुतेक वेळा पट्टीच्या कितीतरी आधी, आईच्या पोटातच सुरू झालेली असते.

मग हे आईबाबांकडून येतं का? थोडं येतं. आई आणि बाबा दोघेही उजवे असले तर त्यांच्या मुलांत दहात सुमारे एक डावखुरा असतो, आणि दोघेही डावखुरे असले तर चारात सुमारे एक. म्हणजे दोघं डावखुरे असूनही बहुतेक मुलं उजवीच! २०१९ साली इंग्लंडमध्ये सुमारे चार लाख लोकांच्या जनुकांचा अभ्यास झाला. डावखुरेपणाशी जोडलेल्या चार जागा सापडल्या. पुढच्या मोठ्या अभ्यासांत आणखी कितीतरी मिळाल्या. एकच एक "डाव्या हाताचं जनुक" नसतं. पुष्कळ जनुकांचा थोडा थोडा हातभार असतो आणि उरलेला भाग पोटात वाढताना होणाऱ्या योगायोगांचा. एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांची जनुकं सारखीच असतात, तरी त्यांच्या पाच जोड्यांत साधारण एका जोडीतला एक डावा आणि दुसरा उजवा निघतो.

आता आरोग्याचं. इथे मला माझ्याच भीतीची गोष्ट सांगायला हवी.

१९९१ साली दोन शास्त्रज्ञांनी एक अभ्यास छापला. त्यांनी कॅलिफोर्नियात मरण पावलेल्या सुमारे एक हजार माणसांच्या नातेवाइकांना विचारलं, "ते कोणत्या हाताचे होते?" आणि हिशेब मांडला. उजव्या माणसांचं मरतेवेळचं सरासरी वय आलं ७५ आणि डावखुऱ्यांचं ६६. झालं! डावखुरी माणसं नऊ वर्षं आधी मरतात, अशी बातमी जगभर पसरली. आमच्यापर्यंतही आली. मी तेव्हा पस्तिशीतला. रात्री बोटांवर वर्षं मोजली होती, हे आज कबूल करतो.

पण त्या हिशेबात एक मोठी चूक होती. ओळखू येते का बघा. थांबा, दोन मिनिटं विचार करा.

चूक ही. जे लोक तेव्हा म्हातारे होऊन वारले, ते १९०० च्या आसपास जन्मलेले. त्यांच्या लहानपणी डावखुऱ्या मुलांना मारून-मुटकून उजवं केलं जायचं. त्यामुळे म्हाताऱ्यांत डावखुरे म्हणून ओळखले जाणारे फार थोडे उरले. शंभरात जेमतेम तीन-चार. पुढे शाळांनी छळणं कमी केलं, तसे तरुणांत डावखुरे शंभरात दहा-बारा दिसायला लागले. म्हणजे डावखुरे एकूणच वयाने लहान होते. त्यांच्यातले जे वारले तेही सरासरीने लहान वयाचे असणार, यात नवल ते काय? असं बघा, शाळेतल्या मुलांचं सरासरी वय काढलं आणि आजोबा मंडळींचं काढलं, तर मुलांचं कमीच येणार. पण त्यावरून शाळेत गेल्याने आयुष्य कमी होतं असं कुणी म्हणेल का? हुशार अभ्यासकांनी ही चूक दाखवून दिली, आणि नीट केलेल्या अभ्यासांत तो नऊ वर्षांचा फरक टिकला नाही.

तेव्हा मला उलगडलं, की म्हातारे डावखुरे मेलेले नव्हते. ते उजव्यांच्या यादीत बसलेले होते, माझ्यासारखे! उद्या माझ्यामागे कुणी माझ्या मुलाला विचारलं, "तुमचे वडील कोणत्या हाताचे?" तर तो पटकन सांगेल, "उजव्या." तसं ते ६६ वर्षांचं वय मी कधीच ओलांडलं आहे आणि रोज सकाळी डाव्या हाताने दात घासतो आहे. आहेत तेवढे!

मग डावखुरेपण आणि तब्येत यांचा काहीच संबंध नाही का? खरं तेच सांगायचं तर थोडासा आहे, पण तो नीट समजून घ्यावा. खूप लवकर, दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांत डावखुरेपण जरा जास्त दिसतं. मेंदूच्या वाढीशी संबंधित काही अवस्थांत, उदाहरणार्थ स्वमग्नता किंवा स्किझोफ्रेनिया, तिथेही डावखुऱ्यांचं प्रमाण थोडं जास्त आढळतं. पण याचा अर्थ डाव्या हाताने आजार होतो असा मुळीच नाही. बहुतेक सगळे डावखुरे ठणठणीत असतात. उलट, "डावखुरी मुलं जास्त हुशार असतात" हीसुद्धा थापच. हुशारी हातावर नसते.

आईबाबांनी मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. बाळ पहिल्या वर्षात दोन्ही हात वापरतं. वर्ष-दीड वर्षाच्या आतच ते एकच हात वापरत असेल आणि दुसरा हात मुठीत आवळून किंवा लुळा ठेवत असेल, तर तो डावखुरेपणा किंवा उजवेपणा समजू नका. दुसऱ्या हातात अशक्तपणा असू शकतो. डॉक्टरांना दाखवा. आणि मोठ्या मुलाने किंवा माणसाने नेहमीचा हात अचानक वापरणं सोडलं, तर एक क्षणही न दवडता दवाखाना गाठा.

आणि हात बदलल्याने मेंदू बदलतो का? लहानपणी हात बदलायला लावलेल्या माणसांच्या मेंदूची चित्रं जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी लिहिताना घेतली. २००२ साली ती प्रसिद्ध झाली. इतकी वर्षं उजव्या हाताने लिहूनही त्यांचा मेंदू जन्मजात उजव्या माणसांसारखा चालत नव्हता. लिहिताना दोन्ही अर्धगोल कामाला लागत होते. हात बदलतो, मेंदू बदलत नाही. बिचारा दुप्पट राबतो!

"पण आपल्या संस्कृतीत डावा हात अशुभ," असं काही जण म्हणतील. त्यामागचं कारण साधं आहे. साबण नव्हते, पाणी लांबून आणायचं. शौचाला एक हात आणि जेवायला दुसरा, अशी वाटणी त्या काळी शहाणपणाची होती. आज साबण आहे. दोन्ही हात धुतले की दोन्ही शुद्ध. आणि संस्कृतीच म्हणाल, तर आपल्या घरचा गणपती बघा. आपण बहुतेक घरांत डाव्या सोंडेचाच आणतो ना? रखुमाई विठ्ठलाच्या डावीकडेच उभी असते. दोन्ही हातांनी बाण सोडायचा म्हणून अर्जुनाला सव्यसाची म्हणतात, आणि सव्य म्हणजे डावा. गांधीजींनी १९०९ साली बोटीवर 'हिंद स्वराज' लिहिलं. उजवा हात थकला की ते डाव्या हाताने लिहायचे. आपला सचिन तेंडुलकर बॅट उजव्या हाताने धरतो, पण लिहितो डाव्या हाताने. आता बोला!

तो सातपुड्यातला मुलगा मला पुन्हा भेटला. काही वर्षांपूर्वी नंदुरबारला माझी मोटारसायकल बंद पडली. ढकलत एका गॅरेजात नेली. पन्नाशीला टेकलेला मिस्त्री पाना घेऊन खाली बसला. डाव्या हाताने असे झरझर नट फिरवत होता की मी बघतच राहिलो. काम झाल्यावर त्याने वर बघितलं आणि म्हणाला, "गुरुजी, ओळखलं नाही का?"

मला शब्द सुचेना. मी म्हणालो, "तुझा हात मी..."

तो हसला. म्हणाला, "लिहायचा हात तुम्ही नेला, गुरुजी. पान्याचा हात माझ्याकडेच राहिला." त्याच्या आवाजात राग नव्हता. मग पावती लिहायची वेळ आली, तेव्हा त्याने पुस्तक कामावरच्या पोराकडे सरकवलं. पन्नाशीतही त्याला चार ओळी लिहायची लाज वाटत होती. मी गाडीचे पैसे दिले. तो घेत नव्हता, मी बळेच दिले. पण त्याचं जे देणं होतं ते माझ्याकडून फिटलं नाही आणि फिटणारही नाही.

म्हणूनच आईबाबांनो आणि माझ्या शिक्षक बंधुभगिनींनो, एवढं करा. मूल ज्या हाताने पेन्सिल उचलतं, त्याच हातात ती राहू द्या. प्रसाद उजव्या हाताने घ्यायला प्रेमाने शिकवलं तर त्यात बिघडत नाही, ती रीत आहे. पण लिहिण्याचा हात बदलू नका. डावखुऱ्या मुलाला बाकाच्या डाव्या टोकाला बसवा, म्हणजे शेजाऱ्याच्या कोपराला कोपर लागणार नाही. वही उजवीकडे जरा तिरकी करून द्या. पेन्सिल टोकापासून दीड-दोन बोटं वर धरू द्या, म्हणजे लिहिलेलं दिसेल आणि पुसलं जाणार नाही. नेहमीची कात्री त्याच्या हातात चालत नाही, कारण तिची पाती उजव्या हाताच्या दाबाने एकमेकींना चिकटतात, तर डाव्या हातात ती फाकतात आणि कागद मध्येच दुमडतो. तो वेंधळा नसतो, कात्री परक्या हाताची असते. डावखुऱ्यांची वेगळी कात्री मिळते, ती आणून द्या.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी एक मजेदार अभ्यास. या रविवारी घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांना विचारा, "तुम्ही लहानपणी कोणत्या हाताचे होता?" नुसतं उत्तर ऐकून थांबू नका. त्यांना चेंडू टाकायला सांगा, सुईत दोरा ओवायला सांगा, खिळा ठोकायला सांगा. तुमच्या आजीच्या उजव्या हातामागे एखादा डावा हात लपलेला सापडेल! सापडला, तर त्या हाताची गोष्ट तिला जरूर विचारा. साठ-सत्तर वर्षांत कदाचित तिला ती कुणी विचारलीच नसेल.

हो, दसऱ्याचं सांगायचं राहिलंच. सगळे माझ्याकडे बघत होते. मी नातीच्या शेजारी मांडी घालून बसलो. दुसरी पेन्सिल घेतली, ती डाव्या हातात. आणि पाटीच्या दुसऱ्या कोपऱ्यात सरस्वती काढायला लागलो. माझे आकडे कोंबडीच्या पायांसारखे उमटले. नात खुदकन हसली आणि म्हणाली, "आबा, तुम्हाला येत नाही. मी शिकवते." काकूही हसल्या. मुलगा गप्प राहिला, पण दुसऱ्या दिवशी त्याने बाजारातून डाव्या हाताची कात्री शोधून आणली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी माझी शाळा भरते. गुरुजी साडेचार वर्षांच्या आहेत, विद्यार्थी सत्तरीचा. हे शेवटचं वाक्य मी डाव्या हाताने लिहितो आहे. अक्षर फार वाकडं आलं आहे, छापणारे काका सरळ करून घेतीलच!